फ्लामेंको गायकीचे सोवळे

एप्रिल 2023 मध्ये आंदालुसियाने फ्लामेंकोसाठी स्वतंत्र कायदा केला. दक्षिण स्पेनमधल्या या स्वायत्त प्रदेशाने त्याआधी 2007 च्या सनदेत, 68 व्या कलमात, फ्लामेंकोचे जतन, संशोधन, शिक्षण आणि प्रसार हा आपला खास अधिकार म्हणून लिहून घेतला होता. 2010 मध्ये युनेस्कोची मोहोरही उमटली. कागद पुरे झाले. आता शाळांत शिकवायचे, स्पर्धांना अनुदान द्यायचे, महोत्सव भरवायचे. म्हणजे पैसा कुणाला तरी मिळणार आणि कुणाला तरी नाकारला जाणार. अशा वेळी हमखास पुढे येणारा निकष शुद्धतेचा. अमक्याची गायकी शुद्ध, तमक्याची भेसळीची. हे प्रकार मूळचे, ते उपरे. हा निकष इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, आणि गायकी जपण्याच्या कामीही तो उपयोगाचा नाही. जे खरोखर निसटू शकते त्याकडे तो पाहतच नाही.

आपल्याकडे फ्लामेंको म्हटले की ठिपक्यांचा घोळदार झगा आणि टाचांचा ठोका आठवतो. जाणत्यांच्या लेखी मात्र पहिला मान गाण्याला, म्हणजे कांतेला. गिटार आणि नाच त्याच्याभोवती वाढले. कांतेचे जे वेगवेगळे प्रकार आहेत त्यांना पालो म्हणतात. पालो ओळखायचा तो चार गोष्टींवरून: आवर्तन किती मात्रांचे आणि जोर कुठे, स्वरसप्तक कोणते, चाल कशी उतरते आणि कडव्यात किती अक्षरांच्या किती ओळी. एकेका पालोत पुन्हा गावाच्या किंवा माणसाच्या नावाने चाली आहेत. सोलेआ हा एक पालो घ्या: आल्काला गावची वेगळी, त्रियानाची वेगळी, उत्रेराची, कादिसची वेगळी. आपल्या रागाइतका पालो मोकळा नसतो. तो बंदिशीच्या जवळ जातो. ठरलेली चाल असते आणि तिच्या आत गायकाने आपला श्वास, आपली हरकत, आपला आवाज घालायचा असतो. मुरलेला श्रोता पहिल्या दोन ओळींतच सांगतो की ही चाल आल्कालाच्या जुन्या गायकाची, होआकिन एल दे ला पाउलाची.

सोलेआ जरा जवळून पाहू, कारण शुद्धतेचा वाद घालणाऱ्यांच्या बोलण्यात ही बाजू फार क्वचित येते. आवर्तन बारा मात्रांचे, त्याला कोम्पास म्हणतात. जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. एकताल ऐकून तयार झालेला आपला कान पहिल्या मात्रेवर सम शोधतो आणि तिथेच फसतो. इथे पहिल्या मात्रेवर काहीच मिटत नाही. गिटार ई या कॉर्डवर सुरू होते, तिसऱ्या मात्रेवर एफवर चढते आणि दहाव्या मात्रेवर ई वर परतते. मिटते ते दहावर. अकरा आणि बारा या दोन मात्रा गिटारच्या, आणि गायकाच्या श्वासाच्या. स्वर भैरवीचे, पण ज्या कॉर्डवर विसावा घ्यायचा तिच्यात शुद्ध गंधार. त्यामुळे भैरवी आणि बसंत मुखारी यांच्यामध्ये कुठेतरी कान लटकत राहतो.

कडवे, म्हणजे लेत्रा, तीन किंवा चार ओळींचे, प्रत्येक ओळ आठ अक्षरांची. गाण्यातल्या प्रत्येक टप्प्याला तेर्सिओ म्हणतात. तेर्सिओने दहाव्या मात्रेच्या आत खाली उतरायला हवे. बहुतेक चालींत मधल्या एका तेर्सिओत गिटार सी मेजरवर जाते, गाणे क्षणभर उजळते आणि शेवटच्या तेर्सिओत पुन्हा ई वर उतरते. नवशिका इथेच अडकतो. एखादी हरकत जमली की तो तिच्यात रमतो आणि दहावी मात्रा त्याच्या हातून निसटते. चांगला गिटारवाला मग एफवर थांबून अर्धे आवर्तन, सहा मात्रा, जास्तीचे काढतो आणि गायकाला उतरायला जागा देतो. कच्चा गिटारवाला आपला हिशोब पुरा करून ई वर मिटवून टाकतो आणि गायक हवेत राहतो. हे गाणे नाचासाठी चालले असेल तर एवढी सवलतही नाही, कारण नाचणाऱ्याचे पाय कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून पूर्वीपासून गायक आधी नाचामागे बसून गायचे आणि मगच पुढच्या खुर्चीवर यायचे. त्या मागच्या खुर्चीवर कोम्पास अंगात मुरतो. आज थेट पुढच्या खुर्चीवर बसायची घाई झाली आहे, आणि ती घाई ऐकू येते.

श्वासाचेही तसेच. दोन तेर्सिओ एका दमात जोडणे ही सोलेआतली खरी कसोटी. त्यासाठी पहिल्या तेर्सिओच्या आधीच दम ठरवावा लागतो; मध्येच उचललेला श्वास चालीचे दोन तुकडे करतो. आणि सेहिया, म्हणजे गिटारच्या मानेवर चढवायची पट्टी. गायक बसतानाच सांगतो, चौथ्या पडद्यावर, ई ची जागा. सोलेआ साधारणपणे ई च्या जागी, सेगिरिया हा दुसरा पालो ए च्या जागी. पहिल्या लेत्रात आवाज चमकावा म्हणून एक पडदा वर घेतला की तिसऱ्या लेत्रात, जिथे खरा चढ असतो, तिथे आवाज फाटतो. सोलेआची बांधणी खालून वर जाणारी असते: आधी आवाज तापवणारी खालच्या सुराची लेत्रा, मग मधली, मग चढाची, आणि शेवटी समारोप. हे गणित एका लेत्रात दिसतच नाही. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

सेगिरियाचे आवर्तन तर याहून अवघड. मोजायचे ते पाच असमान ठोक्यांत: दोन, दोन, तीन, तीन, दोन. कडव्याच्या ओळी सहा, सहा, अकरा आणि पुन्हा सहा अक्षरांच्या. ती अकरा अक्षरांची तिसरी ओळ गायकाची परीक्षा पाहते, कारण तिथे शब्दही जास्त आणि दुःखही तिथेच ओतायचे असते. हेरेसची थोर गायिका तिया आनिका ला पिरिन्याका म्हणायची की मनासारखे गाणे झाले की तोंडात रक्ताची चव येते. त्या वाक्याची लोकांनी फार भक्ती केली. पण ती बाई कोम्पासात किती पक्की होती हे तिची ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्याला लगेच कळते. रक्ताची चव नंतर येते, दहावी मात्रा आधी.

आता शुद्धतेच्या दाव्याकडे वळू. गायकी संपत चालल्याची ओरड या गायकीइतकीच जुनी आहे. 1881 मध्ये आंतोनियो माचादो ई आल्वारेस, टोपणनाव देमोफिलो, यांनी फ्लामेंकोच्या लेत्रांचा पहिला मोठा संग्रह छापला, आणि त्यातच तक्रार नोंदवली की गाण्याच्या कॅफेंमुळे हितानोंचे, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांचे, गाणे बिघडत चालले आहे. ज्या कॅफेंना त्यांनी दोष दिला तिथेच पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मालागेन्या हा पालो घडला, गिटारची साथ घडली, आज ज्याला आपण फ्लामेंको म्हणतो त्यातला फार मोठा भाग घडला. त्या कॅफेंतला सगळ्यात मोठा मालक-गायक सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती. आई आंदालुसियन, बाप रोमहून आलेला इटालियन. हितानो रक्ताचा थेंब नाही. आणि हा माणूस सेगिरियाचा, म्हणजे सगळ्यात खोल मानल्या गेलेल्या हितानो प्रकाराचा, त्या काळचा सर्वमान्य उस्ताद. ती त्याने हितानो गायक एल फियोकडून उचलली होती, आणि तो ऋण लपवत नव्हता.

उलट दिशेनेही पाहा. मालागेन्या ही हितानोंची नव्हे, असे वर्गीकरण करणारे सांगतात. तिची सगळ्यात भव्य मानली जाणारी चाल मात्र कादिसच्या एन्रिके एल मेयिसोची, आणि तो हितानो, कत्तलखान्यात काम करणारा. त्याने ती चर्चमधल्या पठणावरून बांधली असे सांगतात. मालागेन्याचा दुसरा महापुरुष आंतोनियो चाकोन, हेरेसचा, बिगर-हितानो. या दोघांनी एकमेकांचे ऐकले, घेतले, बदलले. रक्त आणि पालो यांची जोडी लावायला गेले की पहिल्याच पिढीत हिशोब चुकतो.

1922 चा ग्रानादाचा प्रसंग या वादात सतत उगाळला जातो. 13 आणि 14 जूनला आल्हांब्रातल्या चौकात कांते होंदोची, म्हणजे खोल गाण्याची, स्पर्धा झाली. संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का हे तिच्यामागचे मुख्य लोक. धंदेवाईक गायकांनी कांते बाटवले, ते खेड्यापाड्यांतल्या अजाण गळ्यांत अजून शुद्ध आहे, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून व्यावसायिकांना बंदी. परीक्षकांच्या अध्यक्षपदी मात्र बसवावे लागले ते चाकोनला, जो आयुष्यभर धंदेवाईक! बक्षिसे गेली दिएगो बेर्मुदेस, 'एल तेनासास', या वृद्ध गायकाला आणि मानोलो काराकोल या 12 वर्षांच्या मुलाला. काराकोल पिढीजात कलावंतांच्या घरचा. अजाण खेडूत गळा नव्हेच. हाच मुलगा पुढे 1940 च्या दशकात वाद्यवृंदाच्या साथीने, लोला फ्लोरेसबरोबर नाट्यगृहे गाजवू लागला, आणि त्याच काळात त्याच्या फांदांगोला आणि सेगिरियालाही तोड नव्हती. फाया आणि लोर्का यांचे प्रेम खरे होते, त्यांनी सुशिक्षित वर्गाला कांते ऐकायला लावले, हे मोठेच काम. निदान मात्र चुकले. गायकी टिकवली होती ती धंदेवाइकांनीच.

त्यानंतरचा सोवळ्याचा मोठा पुरस्कर्ता हितानो गायक आंतोनियो मायरेना. 1962 मध्ये कोर्दोबात त्याला कांतेची सोन्याची किल्ली हा सन्मान मिळाला आणि 1963 मध्ये कवी रिकार्दो मोलिना यांच्याबरोबर त्याचा ग्रंथ आला. मायरेनाबद्दल हलक्या हाताने लिहिता येत नाही. विस्मृतीत गेलेल्या कितीतरी सेगिरिया आणि सोलेआ त्याने शोधल्या, गायल्या, मुद्रित केल्या. फ्रँकोच्या राजवटीत, हितानोंना पोलिसी जाचाखाली जगावे लागत असताना, त्याने हितानो गायकाला ताठ मानेने मंचावर आणले. पण त्याने जी उतरंड लावली तिने नुकसान केले. तोना, सेगिरिया, सोलेआ, तांगो, बुलेरिया हे पालो गाभ्याचे, बाकीचे दुय्यम. फांदांगोचे अख्खे कूळ, मालागेन्यासकट, खालच्या पायरीवर. त्याने स्वतः बांधलेल्या काही चाली जुन्या गायकांच्या नावावर घातल्या, असेही अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर शुद्धतेच्या पुरस्कर्त्यालाही नवे करावेसे वाटले, फक्त ते आपल्या नावाने करायची सोय त्याच्या सिद्धांताने ठेवली नव्हती.

फांदांगोच्या कुळाला दुय्यम म्हणणाऱ्याने त्याचा सांगाडा एकदा गिटारवर वाजवून पाहावा. गिटार ई च्या सप्तकात वाजत असते. गायकाने तोंड उघडले की सगळे सी मेजरमध्ये जाते आणि सहा तेर्सिओंत कॉर्ड अशा पडतात: सी, एफ, सी, जी, सी आणि शेवटी एफवरून ई. कडव्याच्या ओळी चार किंवा पाच, तेर्सिओ सहा; म्हणून ओळी पुन्हा घ्याव्या लागतात. हाच सांगाडा बी च्या जागी नेला की ग्रानाइना: जी, सी, जी, डी, जी आणि सीवरून बी. एफ शार्पच्या जागी नेला की तारांता. गिटारच्या मोकळ्या तारा तिथे कॉर्डमध्ये घुसतात आणि खाणीतल्या अंधाराचा तो खरखरीत, न मिटणारा आवाज तयार होतो. मालागेन्यात ताल सोडून दिला की त्याच सहा पायऱ्यांवर गायक हवा तितका वेळ थांबू शकतो. एका गावठी नाचाच्या चालीतून माणसांनी एवढे काढले. आंदालुसियाच्या संगीतबुद्धीचा याहून मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

खाणींच्या गाण्यांचे उदाहरण तर सोवळ्याच्या मुळावरच येते. मुर्सियातल्या ला उनियोन गावात 1961 पासून खाणगीतांची स्पर्धा भरते, जुन्या मंडईच्या इमारतीत, आणि तिचे पहिले बक्षीस, लाम्पारा मिनेरा, म्हणजे खाणीतला दिवा, मिनेरा हा पालो गाण्यासाठी असते. ऐकणाऱ्याला वाटते हे खाणकामगारांचे गाणे. या गाण्याला घडवणाऱ्यांत सगळ्यात मोठे नाव रोहो एल आल्पार्गातेरो, आणि तो खाणीत राबणारा नव्हता, खाणावळ चालवणारा होता. आल्मेरियाहून मजुरीला आलेल्यांच्या चाली, कॅफेत गाणाऱ्यांच्या हरकती आणि गिऱ्हाईक, तिन्ही त्याच्याकडे होते. त्याच्या मुलाकडून आंतोनियो पिन्यानाने 1950 च्या दशकात त्या चाली घेतल्या आणि पुढे शिकवल्या. ही स्पर्धा 1987 मध्ये जिंकली बार्सेलोनाच्या मायते मार्तिनने आणि 1993 मध्ये बादालोनाच्या मिगेल पोवेदाने. दोघेही कातालोनियातले, आंदालुसियातले नव्हेत. दोघांचीही नावे आज पहिल्या रांगेत आहेत.

मराठी वाचकाला या सोवळ्याची एक खास आपली आवृत्ती भेटते. मुंबई-पुण्यात कथक आणि फ्लामेंकोची जुगलबंदी झाली की निवेदक सांगतो, हे मूळचे आपलेच, राजस्थानातून गेलेले. टाळ्या पडतात. रोमा लोकांची भाषा भारतीय आर्य कुळातली, हे पक्के. त्यांचे पूर्वज इथून गेले हेही खरे. पण ते स्पेनमध्ये पोचले 1425 च्या सुमारास, आणि ओळखता येईल असा कांते दिसू लागतो तो अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर. स्पेनला पोचण्याआधी ते इराण, अनातोलिया, बाल्कन असे फिरले होते, आणि पोचल्यानंतर 1749 मध्ये स्पेनच्या राजाने हजारो हितानोंना एका मोहिमेत पकडून कोंडले. सोलेआ रक्तातून आली असती तर ती हंगेरीच्या आणि रुमानियाच्या रोमा वस्त्यांतही ऐकू आली असती. तिथे दुसरी, तितकीच श्रेष्ठ संगीते आहेत, सोलेआ नाही. ती त्रियानात, आल्कालात, हेरेसमध्येच झाली, कारण तिथे हितानो आणि बिगर-हितानो शेजारी राहत होते, एकाच लोहारशाळेत, एकाच मळ्यावर राबत होते. बारा मात्रा दोन्हीकडे आहेत म्हणून नाते जोडणे फार स्वस्त झाले. आपल्याला खरा आदर दाखवायचा असेल तर आयोजकांना विचारावे की नर्तकीबरोबर गायक आणणार आहात, की ध्वनिमुद्रित गाण्यावर भागवणार? तिकिटाचा खर्च वाचवायचा झाला की पहिल्यांदा गायकच गळतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शुद्धता नाकारली की हितानोंचा वाटाही नाकारला जातो. 'फ्लामेंको सगळ्यांचा' म्हटले की त्याचे पैसे मात्र सगळ्यांना मिळत नाहीत. 2018 मध्ये कातालान गायिका रोसालियाच्या अल्बमवरून हा वाद स्पेनभर पेटला: आंदालुसियन हितानोंची बोली, खुणा, हरकती उचलायच्या आणि जागतिक बाजारात विकायच्या, ज्यांच्या घरून हे आले ते तिथेच. ती बार्सेलोनाच्या संगीत महाविद्यालयात रीतसर कांते शिकली होती, तिचा पहिला अल्बम जुन्या चालींवर मेहनत घेतल्याचे सांगतो, हेही खरे. पण तिच्या गळ्याची तयारी हे त्या तक्रारीचे उत्तर होत नाही. हेरेसच्या सांतियागो आणि सान मिगेल वस्त्यांत, उत्रेरात, लेब्रिहात लग्नात, बारशात, नाताळच्या शेकोटीभोवती बुलेरिया शिकली जाते. फेर्नांदा दे उत्रेराची सोलेआ, आगुहेतासचे मार्तिनेते हे त्या घरांशिवाय झाले नसते.

माझे उत्तर असे की ऋण आहे, ते फेडले पाहिजे, आणि रक्ताच्या सिद्धांताने ते फिटत नाही. ते फिटते श्रेयाने, मानधनाने आणि शिकवण्याच्या जागांनी. श्रेय देण्याची रीत कांतेत आधीपासून आहे. होआकिन एल दे ला पाउलाने एकही तबकडी मुद्रित केली नाही. तरी त्याच्या सोलेआला आजही त्याचेच नाव आहे, कारण पुतण्या हुआन तालेगाने ती पुढे नेताना नाव पुसले नाही. हीच रीत अल्बमच्या वेष्टनावर आणि संगीतसेवेच्या पडद्यावर का नसावी? 'पारंपरिक' एवढा एक शब्द लिहिला की चाल बेवारस होते. कोणत्या घराण्यातून, कुणाच्या मुद्रणातून घेतली ते लिहायला एक ओळ पुरते. आणि शिकवण्याचे म्हणाल, तर सरकारी शाळेत उभे राहायला पदवी लागते. ज्या साठीतल्या बाईला दीडशे लेत्रा चालींसकट पाठ आहेत तिच्याकडे पदवी नसते. 2023 च्या कायद्याखाली शाळेत फ्लामेंको न्यायचा असेल तर अशा बाईला तासाचे पैसे देऊन वर्गात आणायची वाट काढली पाहिजे. नाहीतर मुले शिकणार ते भिंतीवरच्या तक्त्यातला पालोंचा वृक्ष: बुंधा तोना, फांद्या अमक्या-तमक्या. तो वृक्ष पाठ करून कुणालाही टाळी धरता येत नाही.

शाळेत सुरुवात सोलेआने करूच नये. आधी चार मात्रांचा तांगो, बंद तळव्यांच्या टाळीने, दहा मिनिटे लय न वाढवता. मुलांची लय हमखास पळते, मोठ्यांचीही. मग उघड्या बोटांची टाळी, मग दोघांत विभागून एक मात्रेवर आणि एक दोन मात्रांच्या मधल्या जागी. मग उएल्वाचे फांदांगो, कारण त्याला ताल आहे आणि सहा तेर्सिओंचा सांगाडा कानात बसतो. बुलेरिया तिसऱ्या वर्षी. तोपर्यंत लेत्रा पाठ करायच्या, महिन्याला दोन. पाठ लेत्रा नसेल तर गळा कितीही गोड असो, मैफलीत दुसऱ्या फेरीला गायक गप्प बसतो.

स्पर्धांचे काय बिघडले आहे तेही नेमके सांगता येते. पालोंचे सक्तीचे गट आणि प्रत्येकाला मोजकी मिनिटे. गायक आवाज न तापवताच चढाची लेत्रा घेतो, कारण टाळी तिथे आहे. परीक्षक जुन्या तबकडीशी ताडून पाहतात. आणि ती तबकडी? 78 फेऱ्यांची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. दोन-तीन लेत्रा मावल्या तेवढ्या मावल्या. कारखान्याने घातलेली ही मर्यादा आज 'अस्सल लांबी' म्हणून पुजली जाते. नक्कल फक्त जुन्यांचीच होते असेही नाही. 1980 नंतर निम्मी तरुण पोरे कामारोन या हितानो गायकासारखा आवाज चिरून गाऊ लागली. कामारोनची चीर त्याच्या गळ्याची होती. त्याच्या 1979 च्या 'ला लेयेंदा देल तिएम्पो' या तबकडीत सतार, ड्रम्स आणि विजेची गिटार ऐकून हितानो श्रोत्यांनी ती दुकानात परत नेली असे सांगतात. आता तीच अभिजात.

गायक एन्रिके मोरेंतेने हा पेच सर्वांत प्रामाणिकपणे सोडवला असे मला वाटते. म्हाताऱ्या पेपे एल दे ला मात्रोनाकडे बसून जुन्या चाली घेतल्या, 1977 मध्ये चाकोनला वाहिलेली तबकडी काढली, तीत एकेक तेर्सिओ जागच्या जागी. आणि 1996 मध्ये रॉक बँडबरोबर 'ओमेगा'. त्या गदारोळातही सोलेआ दहाव्या मात्रेवरच मिटते. गायिका पास्तोरा पावोन, म्हणजेच ला निन्या दे लोस पेइनेस, यांनी हेच त्याच्या खूप आधी केले होते. झोपाळ्यावर म्हणायची खेड्यातली गाणी त्यांनी कांतेत आणली आणि बांबेरा हा पालो झाला. 1999 मध्ये आंदालुसियाच्या सरकारने ज्यांच्या आवाजाला वारसा म्हणून संरक्षण दिले त्या पास्तोरा, आजच्या काही परीक्षकांसमोर बांबेरा घेऊन आल्या असत्या तर?

म्हणून सगळेच मिश्रण चांगले असे नव्हे. फ्लामेंकोच्या नावाखाली खपणारी पुष्कळ गाणी टिकण्यासारखी नाहीत, आणि त्याचे कारण सांगता येते. यंत्राच्या सरळ चार ठोक्यांवर कोम्पास चेपला जातो, सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर कोमल रिषभाच्या खालची ती दुखरी श्रुती सपाट करते, आणि तेर्सिओ उतरण्याआधी पुढचा ठोका पडतो. तिथे हरकत उरते, गाणे उरत नाही. हा निकष कुणाच्या आजोबाला विचारावा लागत नाही; कानाने लागतो.

सार्वजनिक पैसा वाटणाऱ्यांनी तोच वापरावा. सेव्हियाच्या द्वैवार्षिक महोत्सवाला, 1980 पासून चाललेल्या, प्रेक्षक आणि प्रायोजक मिळतातच. पैसा हवा आहे तो पेन्यांना, म्हणजे रसिकांच्या छोट्या मंडळांना, जिथे साठ-सत्तर माणसे गप्प बसून ऐकतात आणि गायकाला ध्वनिक्षेपकाशिवाय वीस मिनिटे एकच सोलेआ बांधता येते. ग्रानादाची ला प्लातेरिया 1949 पासून हे करते आहे. स्पर्धांच्या अनुदानाला दोन अटी घालाव्यात: एक फेरी नाचामागे गाण्याची, आणि एक फेरी अनोळखी गिटारवाल्याबरोबर, सराव न करता. कोम्पास पक्का आहे की पाठ केलेला, हे त्या फेरीत पाच मिनिटांत कळते. ला उनियोनच्या मंचावर मिनेराची सक्ती राहू दे. फक्त ती कुणाकडून किंवा कोणत्या मुद्रणावरून घेतली हे गायकाने आधी सांगावे, आणि त्या मुद्रणापासून तो जिथे वेगळा झाला, पण तेर्सिओ सांभाळून वेगळा झाला, तिथे परीक्षकांनी जास्तीचे गुण द्यावेत.